दस्ता

बंदुकीचा दस्ता मी बोरीचा करतो.
इथे बोरीला सिद्र म्हणतात.
रंधा मारताना वास मात्र तोच,
माजगावच्या वईवरचा, आंबटसर.

बापाने शिकवली होती लाकडी केळी, लाकडी कारली,
पांगाऱ्यावर लाख चढवून.
रुस्ताकमध्ये ती कोण घेणार?
इथे घरोघरी खुंटीला आजोबाची रायफल
आणि वाळवी काही परवाना विचारत नाही.

खल्फान बिन झाहिरची मार्टिनी शंभर वर्षांपलीकडची.
"गालाजवळ जरा खोल घे, सदीक," म्हणाला,
"माझ्या बापाचा गाल भरलेला होता. माझा सुकला."
घेतलं. चार दिवस काचकागद, तीन हात लाख,
बारा रियाल, वर किलोभर खजूर.
त्या खजुराचं नावच खलास.

ईदच्या दुसऱ्या दिवशी किल्ल्यासमोर रझहा.
दोन रांगा, ढोल, हवेत फेकून झेललेल्या तलवारी.
मी माझी बंदूक बघायला गेलो,
म्हणजे त्याची,
म्हणजे तिच्यातलं लाकूड.

पोलिसांची गाडी आली. उतरला तो पोरगाच,
मिशी कोवळी, छातीवर नाव मुन्झिर.
सलाम झाला, खुशाली झाली, आईचे गुडघे झाले,
पाटाला पाणी किती, तेही झालं,
मग म्हणाला, "काका, ती द्या."

ढोल थांबले. एक ढोलवाला मागे राहिला होता,
त्याचे दोन ठोके एकटेच वाजले.

खल्फानने खंजराच्या पट्ट्यामागून कागद काढला,
प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर विरलेला.
"शिक्का बघ. तुझ्याच ठाण्याचा."
"बंदूक तुमचीच आहे, काका.
आभाळ तुमचं नाही."
"तू जन्मलास त्या रात्री हिनेच तीन बार काढले.
तेव्हा कुणाचं होतं?"

लोक हसले. पोरगा हसला नाही.
रांगेतले म्हातारे एक पाऊल पुढे सरले,
नाचातलं की दुसरं कसलं, कळेना.
गाडीतल्या शिपायाने दार उघडलं
आणि पाय आतच ठेवला.

"हे तू केलंस?" मुन्झिर मला. बोट दस्त्यावर.
"हो."
"उडते?"

अख्ख्या पटांगणाने मान वळवली.
म्हाताऱ्याजवळ त्याचा कागद, पोराजवळ त्याचा शिक्का,
माझा पासपोर्ट कफीलच्या कपाटात.
सांगता आलं असतं, साहेब, मी लाकूडवाला,
मी फक्त गालापुरतं बघतो.
आणि माझ्या अरबीत भूतकाळ नाही.
गेल्या ईदला पत्रा फोडून खाली आली,
रतीशच्या उशीत रुतली, तो चहा टाकायला उठला होता,
तक्रार कुणावर करायची, वरून आली होती,
भोकाला मी एमसील लावलं:
हे सगळं त्या भाषेत कसं म्हणू?

किल्ल्यांचं जुडगं काढलं.
त्यात ओवलेली गोळी तळहातावर धरली.
"पत्रा," म्हणालो. "उशी."
मग बोट वर केलं.

खल्फानने गोळीकडे बघितलं. माझ्याकडे नाही.
माझी म्हणाला नाही, माझी नव्हे म्हणाला नाही.
खालचा दांडा ओढला, काडतूस काढलं,
पोराच्या हातात ठेवलं.
पट्ट्यातली आणखी पाच ठेवली.
बंदूक दिली नाही.
पोराने पुन्हा मागितली नाही.
वहीत काहीतरी लिहिलं, कुणाला दाखवलं नाही.

ढोल सुरू झाले. बार काढायच्या जागी
त्याने रिकामी बंदूक गालाला लावली,
आणि गाण्यात तेवढंच एक भोक पडलं.

तिसऱ्या दिवशी दुकानात आला.
लाखेबद्दल अवाक्षर नाही. जुडगं मागितलं.
गोळी दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली, फिरवली.
"ही माझी नव्हे," म्हणाला,
"माझी याहून जाड."

मग निघेना.
भुशात उभा राहिला बराच वेळ.
"उशीवाला," त्याने विचारलं,
"अजून तिथेच झोपतो?"